मुधोळचे मालोजीराजे आणि त्यांची शिकारी कुत्री

सोमवारी आमच्या ओपीडीत कुत्रा चावलेल्यांची रांग सर्वांत लांब असते. रविवार घरी हळद लावून काढलेला असतो. मागे एकदा त्या रांगेत विशीतला एक तरुण होता. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दोन दात खोल रुतलेले. केसपेपरवर कुत्रं पाळीव की मोकाट हे लिहावं लागतं, म्हणून विचारलं. घरचीच कुत्री, लॅब्रॅडॉर, असं तो म्हणाला. रेबीजची लस दिली होती का? नाही. चावली कशी? दोन दिवसांपूर्वी व्यायली होती, पिल्लू उचलायला गेल्यावर चावली. वय किती तिचं? दहा महिने.

सात पिल्लांपैकी चार गेली होती. कुत्री खात नव्हती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती. पिल्लं विकून घेतलेले पैसे वसूल होतील, एवढाच त्याचा हिशेब होता. जखम धुतली, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरलं, लसीचा पहिला डोस दिला. निघताना त्याने दोन गोष्टी विचारल्या. हात केव्हा बरा होईल, आणि कुत्री परत केव्हा लावता येईल?

दुसरा प्रश्न माझ्या खात्यातला नाही. पण तो विचारला गेला तेव्हा मला एका राजाची आठवण झाली. कुत्र्यांची पैदास म्हणजे नर-मादी एकत्र सोडणं नव्हे, हे आपल्या दख्खनमध्ये शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी दाखवलं, ते मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे. आजचा लेख त्यांच्यावर, आणि त्यांच्या निमित्ताने त्या तरुणाच्या प्रश्नावर.

सोळाव्या वर्षी गादी

मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. सोलापूरच्या खाली विजापूर, विजापूरच्या नैऋत्येला घटप्रभेच्या खोऱ्यात हे गाव. शेजारी जमखंडीचे पटवर्धन, इकडे घोरपडे. प्रजा बहुतेक कानडी, दरबार मराठी. संस्थान लहानसंच होतं. क्षेत्रफळ 368 चौरस मैल आणि 1901 च्या खानेसुमारीत लोकसंख्या 63 हजारांच्या घरात. आपल्या चाळीसगावसारखा एखादा तालुका डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल.

घराणं मात्र जुनं. घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढून गेल्यामुळे हे आडनाव मिळालं, अशी कुळकथा आहे. बहमनी आणि नंतर आदिलशाही दरबारात त्यांनी चाकरी केली. मराठी वाचकाला मुधोळ आठवतं ते बाजी घोरपड्यांमुळे. 1648 साली शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली, त्यात बाजींचा हात होता. पुढे 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांच्यावर चाल केली आणि बाजी मारले गेले.

या घराण्यात 1884 साली मालोजीरावांचा जन्म झाला. नानासाहेब या नावाने ते ओळखले जात. 1900 साली वडील व्यंकटराव वारले आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला गादी आली. वर्ष कसं होतं? आपल्या खान्देशात आजही जुनी माणसं ज्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात, तो नुकताच होऊन गेला होता. मुंबईत 1896 साली उतरलेला प्लेग दख्खनभर फिरत होता. संस्थानिक असला तरी मुलगा वाढला तो अशा काळात.

त्याच 1900 सालात दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा मुधोळशी तेव्हा काही संबंध नव्हता. युरोपातल्या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून मेंडेल या पाद्र्याचे वाटाण्यावरचे प्रयोग पुन्हा उजेडात आले. 1866 साली छापलेला तो निबंध चौतीस वर्षं धूळ खात पडला होता. आई-वडिलांचे गुण मुलांत कोणत्या हिशेबाने उतरतात, हे त्यात मांडलेलं होतं. दुसरी गोष्ट हिमालयातल्या कसौलीची. तिथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या माणसासाठी आपल्या देशात उपचाराची सोय झाली. हा लेख या दोन्ही धाग्यांचा आहे.

बेडरांची कुत्री

मालोजीराव शिकारीचे शौकीन होते. तेव्हाचे बहुतेक राजे तसेच होते आणि त्यांतले पुष्कळ जण विलायतेहून कुत्री मागवत. मालोजीरावांचं लक्ष गेलं ते आपल्याच मुलखातल्या बेडर लोकांकडच्या कुत्र्यांकडे. उंच, सडपातळ, लांब तोंडाची, खोल छातीची आणि पोट आत गेलेली ही कुत्री ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटत. ती वासावर नाही, नजरेवर शिकार करतात. खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास आणि वजन मात्र जेमतेम 22 ते 28 किलो.

ही कुत्री मूळची इथली नाहीत असं मानलं जातं. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तानाकडून दख्खनच्या सुलतानांच्या फौजांबरोबर आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर त्यांचे पूर्वज आले. तांडा म्हणजे कारवान, म्हणून महाराष्ट्रात त्यांना कारवान किंवा करवानी म्हणतात. कानांवर आणि शेपटीवर लांब मऊ केस असतील तर पश्मी. आजही एक श्वानसंस्था या जातीची नोंद कारवान हाउंड म्हणून करते, तर दुसरी मुधोळ हाउंड म्हणून.

ज्या बेडरांनी ही कुत्री सांभाळली, त्यांचीही गोष्ट सांगायला हवी. 1857 साली इंग्रजांनी शस्त्रबंदी आणली तेव्हा मुधोळ संस्थानातल्याच हलगली गावचे बेडर हत्यारं खाली ठेवायला तयार झाले नाहीत. उठाव चिरडला गेला, अनेकांना फाशी झाली. शिकारीवर जगणाऱ्या समाजाचं हत्यार गेलं की कुत्र्याची किंमत काय होते, हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही पावरा आणि भिल्ल वस्त्यांवर, साक्रीकडच्या ठेलाऱ्यांच्या मेंढरांमागे कुत्रं असतं ते कामाचं असतं. ते काम करत नसेल तर टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ती निवडच असते, फक्त कागदावर नसते.

मालोजीरावांच्या काळापर्यंत ही जात विरळ होत चालली होती. गावातल्या कुत्र्यांशी संकर होत होता. राजेसाहेबांनी बेडरांकडची कुत्री पाहिली, त्यांतली चांगली निवडली आणि त्या निवडलेल्या नर-माद्यांची पैदास राजवाड्याच्या आश्रयाने करायला सुरुवात केली. पुढे त्यांनी या कुत्र्यांची एक जोडी बादशाह पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि बादशहाने त्यांना मुधोळची कुत्री हे नाव दिलं, असं सांगतात. बेडरांच्या झोपडीतलं कुत्रं राजाच्या नावाने जगाला ठाऊक झालं. श्रेय राजांना मिळालं, ते योग्यच आहे. पण ज्यांच्याकडून कुत्री आली त्यांचं नाव त्या जातीला मिळालं नाही, हेही लक्षात ठेवावं.

निवड कशाची करायची

राजेसाहेबांनी जे केलं त्याला निवडक पैदास म्हणतात. आपला शेतकरी बियाण्यासाठी ज्वारीचं भरदार कणीस वेगळं काढून ठेवतो, तेच तत्त्व. पण कणसाचा दाणा डोळ्यांना दिसतो. कुत्र्याच्या अंगातलं सगळं डोळ्यांना दिसत नाही, आणि अडचण तिथे सुरू होते.

एखादा नर वेगाने पळतो, दिसायला देखणा आहे, म्हणून त्याच्याकडून शंभर पिल्लं घेतली. त्याच्या शरीरात एखाद्या आजाराचं जनुक झाकलेलं असेल तर ते त्या शंभरांतल्या निम्म्यांत उतरतं. त्याला स्वतःला आजार नसतो, कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक प्रत चांगली असली तरी काम भागतं. पुढे त्याचीच दोन पिल्लं किंवा नातवंडं एकत्र आणली की दोन्ही खराब प्रती एका पिल्लात येऊ शकतात आणि आजार उघडा पडतो.

माणसात हा हिशेब पहिल्यांदा दाखवला तो आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरने, 1902 साली. मालोजीराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. लघवी हवेत ठेवल्यावर काळी पडते अशा एका दुर्मिळ आजाराची मुलं गॅरॉडने पाहिली आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आई-वडील चुलत किंवा मावस भावंडं आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे 1922 साली सिवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने नात्यातल्या पैदाशीचं माप काढलं. बाप आणि मुलगी किंवा सख्खी भावंडं एकत्र आली तर ते माप 25 टक्के येतं, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत भावंडांत सव्वासहा. म्हणजे बाप-लेकीच्या पिल्लात चारातल्या एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून, अगदी एकसारख्या आलेल्या असू शकतात.

थोड्या कुत्र्यांवरून जात उभी करायची म्हटल्यावर जवळच्या नात्याचा मोह टाळता येत नाही. पहिल्या पिढ्यांत गुण पक्के होतात, पिल्लं एकसारखी दिसतात, लोक वाहवा करतात. नंतर पिल्लांची संख्या घटते, जन्मतः मरणारी वाढतात, रोगप्रतिकार कमी होतो. जगभरातल्या कितीतरी नावाजलेल्या जाती आज या दुखण्यात आहेत. चपट्या नाकाच्या पगला श्वास नीट घेता येत नाही, कारण नाक चपटं करण्याच्या नादात श्वासमार्गच अरुंद झाला. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. कुत्रं घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतं. ज्याला धाप नीट टाकता येत नाही, असं कुत्रं या हवेत वाढवणं म्हणजे दमेकऱ्याला भट्टीशेजारी बसवणं आहे. मुधोळच्या कुत्र्याचं अंगच इथल्या उन्हात धावायला बनलेलं आहे, कारण बेडरांनी ते कामावर निवडलं होतं आणि राजेसाहेबांनी ती कसोटी मोडली नाही.

आपल्या घरातला हिशेब

इथे थोडं माणसांबद्दल. डॉक्टर म्हणून मला हे टाळता येणार नाही.

मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे अनेक समाजांतली मानाची रीत आहे. ओपीडीत नवरा-बायकोचं आधीचं नातं विचारलं की काही जण रागावतात. रागावू नये. चुलत-मावस-मामे भावंडांच्या मुलांत गंभीर जन्मदोषांचा धोका इतरांपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे बहुतेक मुलं निरोगीच असतात. पण घरात आधीच एखादं मूल बहिरं, मंदबुद्धी किंवा रक्ताच्या आजाराचं असेल, तर त्याच घरात पुन्हा सोयरीक करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावं.

सिकलसेलचं गणित याहून सोपं आहे आणि आपल्या सातपुडा पट्ट्याशी त्याचा थेट संबंध आहे. इथे नातं असण्याचीही गरज नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, म्हणून त्याला पत्ता नसतो. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. पत्रिका जुळवण्याआधी ही चिठ्ठी जुळवावी, एवढंच माझं म्हणणं.

मादी केव्हा तयार होते

आता त्या तरुणाचा प्रश्न. कुत्री पहिल्यांदा माजावर येते ती साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात. लहान जातीत लवकर, मोठ्या जातीत उशिरा. मुधोळ किंवा ग्रेहाउंडसारख्या कुळात तर कधी दीड-दोन वर्षंही लागतात. पुढे दर सहा-सात महिन्यांनी माज येतो. माजावर आली म्हणजे गाभण राहू शकते, हे खरं. पण गाभण राहू शकणं आणि त्यासाठी अंग तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आठ-दहा महिन्यांच्या मोठ्या जातीच्या कुत्रीची स्वतःची हाडं अजून वाढत असतात. पोटातल्या सात-आठ पिल्लांनाही त्याच ताटातून कॅल्शियम आणि प्रथिनं हवी असतात. कमरेचं हाड अरुंद असलं तर पिल्लू अडतं. व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून कुत्रीला झटके येऊ शकतात. माणसात गरोदरपणात झटके येतात ते वाढलेल्या रक्तदाबाने, कुत्रीत ते कॅल्शियमने. कारण निराळं असलं तरी घाई सारखीच करावी लागते. मनाचीही तयारी नसते. पहिलटकर कोवळी कुत्री पिल्लांना दूध पाजत नाही, चिरडते, कधी मारतेही. अशात कुणी हात घातला तर चावते. त्या तरुणाच्या अंगठ्याचं तेच झालं होतं.

पशुवैद्यकांचा साधारण सल्ला असा असतो. मादीला पहिला माज सोडून द्यावा. वय दीड ते दोन वर्षं झालं, वाढ पुरी झाली, लसी आणि जंताचं औषध वेळेवर झालं, मग विचार करावा. मोठ्या जातीत खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढावा. तो दोन वर्षांनंतर काढला तर खात्रीचा. नराचं वीर्य वर्षाच्या आतही तयार होतं, पण त्याच्यात दोष आहेत की नाहीत ते दिसायला दीड-दोन वर्षं लागतात. दोघांचीही ब्रुसेल्लाची रक्ततपासणी करावी. या जंतूने कुत्री गाभडते, आणि बाळंतपणात हात लावणाऱ्या माणसालाही महिनोन्‌महिने ताप येऊ शकतो. तापाचं कारण सापडत नसलेल्या रुग्णाला घरात जनावर आहे का, हे आम्ही त्यासाठीच विचारतो. नर लावण्याचा नेमका दिवस रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनवरून कळतो. तिथून सुमारे 63 दिवसांनी कुत्री विते.

हे केवळ सल्ले नाहीत. केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. दीड वर्षाखालची मादी लावायची नाही आणि आठ वर्षांवरचीही नाही. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचांहून जास्त नको. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. आपल्या बाजारात तीस-पस्तीस दिवसांचं, डोळे नुकते स्थिरावलेलं पिल्लू खोक्यात घालून विकलं जातं, तेव्हा हा नियम मोडलेला असतो. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला किती जोराने चावायचं नाही हे भावंडांत खेळून शिकायला मिळत नाही. मोठं झाल्यावर ते घरातल्या पोराला चावतं आणि मग आमच्या रांगेत येतं.

माणसाची आणि जनावराची बरोबरी मी करत नाही. पण माझ्या नोकरीत सोळा-सतरा वर्षांच्या मुली बाळंतपणाला आलेल्या मी पाहिल्या आहेत. हिमोग्लोबिन सहा, वजन चाळीसच्या आत, मूल दोन किलोचंही नाही. पाळी आली म्हणजे मुलगी मोठी झाली, असं त्यांच्या घरी म्हटलेलं असतं. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरवलं होतं. आज ते अठरा आहे. सरकारने कुत्रीसाठीसुद्धा वयाची अट घातली, आणि आपण मुलीची पाळता पाळत नाही, याची खंत वाटते.

राजेसाहेबांची उत्तर कारकीर्द

मालोजीरावांना इंग्रज सरकारने सर हा किताब दिला. 37 वर्षं ते गादीवर होते. आपल्या घराण्याचे जुने कागद जपण्याकडेही त्यांच्या दरबाराचं लक्ष होतं. दत्तात्रय विष्णू आपटे यांनी लिहिलेला मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास 1934 साली, राजेसाहेब हयात असताना प्रसिद्ध झाला. बहमनी काळापासूनची फर्मानं त्यात आली. माणसांची वंशावळ इतक्या मागे नेणाऱ्या घराला कुत्र्याचीही वंशावळ असते हे समजावं, यात नवल नाही. चांगला पैदासकार आणि नुसता विकणारा यांतला मुख्य फरक तोच आहे. पहिल्याकडे वही असते. या पिल्लाची आई कोण, आजी कोण, मागच्या वेतातली पिल्लं कशी निघाली, हे त्यात लिहिलेलं असतं.

1937 साली मालोजीराव वारले. वय त्रेपन्न. मी आज पन्नाशीत आहे, त्यामुळे हा आकडा जरा लागतो. वारस लहान होता. पुढे अकरा वर्षांत संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि कुत्र्यांचा राजाश्रय संपला. शिकारीवर बंदी आली तसं या कुत्र्याचं मूळ कामही गेलं. तरी मुधोळ परिसरातल्या शेतकऱ्यांनी, महाराष्ट्रातल्या कारवानवाल्यांनी घरोघर ही जात टिकवली. वेग वाढावा म्हणून काहींनी परदेशी ग्रेहाउंडशी संकर केला, त्यामुळे शुद्ध कुत्रं ओळखणं अवघड झालं.

सरकारने दखल घेतली ती बऱ्याच वर्षांनी. 2005 साली टपाल खात्याने भारतीय श्वानांवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळचं कुत्रं होतं. मुधोळजवळच्या तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने श्वान संशोधन केंद्र काढलं. 2016 मध्ये सैन्याच्या मीरतच्या केंद्रात या जातीची पिल्लं प्रशिक्षणासाठी गेली. देशी जातीला हा मान तोवर मिळाला नव्हता.

या कुत्र्याबाबत एक वैद्यकीय गोष्ट पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ग्रेहाउंडच्या कुळात अंगावर चरबी फार थोडी आणि यकृताची काही औषधं पचवण्याची चालही मंद. थायोपेंटोनसारखी भूल दिली तर ती उतरायला फार वेळ लागतो. कारवान असो की मुधोळ, ऑपरेशनच्या आधी जात कोणती ते पशुवैद्यकांना आठवणीने सांगावं. हाडकुळं दिसतं म्हणून त्याला खाऊ घालून लठ्ठ करू नये. त्याची बरगडी दिसणं हेच त्याचं निरोगीपण आहे.

पिल्लू घेण्याआधी

जळगाव-धुळ्यात आता बंगल्याच्या फाटकावर कुत्र्याचं चित्र असणं मानाचं झालं आहे. घ्या, हौस जरूर करा. पण आधी एवढं पाहा. पिल्लाची आई डोळ्यांनी पाहा आणि तिचं वय विचारा. वय सांगत नसतील किंवा आई दाखवत नसतील, तर परत फिरा. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं आहे का, लसीचं कार्ड आहे का, विकणाऱ्याची नोंदणी आहे का, आई आणि बाप एकाच घरातले आहेत का, हे विचारा. आपल्या उन्हाला सोसेल अशी जात घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला आणि पुढे दरवर्षी द्या. पैदास करायची नसेल तर नसबंदी करून घ्या. माजावर आलेली कुत्री गच्चीवर कोंडून हा प्रश्न सुटत नाही, आणि नको असलेली पिल्लं एमआयडीसीच्या रस्त्यावर सोडून तर मुळीच नाही.

आणि चावलंच, घरचं असो वा दारचं, पिल्लू असो वा मोठं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या आणि सांगितलेल्या तारखांना सगळे डोस घ्या. गरोदर बाईनेही घ्यावेत, त्याने बाळाला काही होत नाही. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की आमच्या हातात काही उरत नाही.

तो तरुण तिसऱ्या डोसला वेळेवर आला. अंगठ्याची सूज उतरली होती. कुत्रीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं, सलाइन लावून ती आता खायला लागली होती. तीन पिल्लांतलं आणखी एक गेलं, दोन जगली. ती दोन महिन्यांची होईपर्यंत विकणार नाही, असं त्याने आपणहून सांगितलं. कुत्रीला परत केव्हा लावायचं, हे त्याने या वेळी विचारलं नाही. मीच सांगितलं की निदान वर्षभर नाही, आणि त्याआधी तिला रेबीजची लस.